वरचं कुलूप, खालचं कुलूप

माझं झेरॉक्सचं दुकान आणि तिचं किल्ल्यांचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि तीही लाकडी फळ्यांची. पलीकडे किल्ली घासायचं मशीन सुरू झालं की माझ्या काउंटरवरचे कागद थरथरायला लागतात. इतक्या वर्षांत फळ्यांपलीकडचं बरंच काही कानावर पडलं, काही तिनं आपण होऊन सांगितलं, आणि शेवटी शेवटी तर तिनं मलाच हाताला धरून त्यात ओढलं. म्हणून ही हकिकत मला माहीत आहे.

तोंडावर सगळे तिला ताई म्हणतात. पाठीमागे बाजारात तिचं नाव कडीकोयंडा. ती समोरच्या नळावर हात धुवायला गेली तरी शटर ओढणार, कुलूप घालणार, कुलूप ओढून बघणार, चार पावलं जाणार आणि परत येऊन पुन्हा एकदा ओढून बघणार. मला म्हणायची, "वहिनी, जरा लक्ष असू द्या हं." आणि परत आली की मी खरंच लक्ष दिलं का, हे समोरच्या चप्पलवाल्याला विचारायची. आधी मला राग यायचा. मग कळलं की चप्पलवाल्याबद्दलही ती मला विचारायचीच.

हा स्वभाव तिनं जन्मतःच आणला नव्हता. दुकान मुळात तिच्या वडिलांचं. हात असा की नुसतं कुलूप हलवून आवाजावरून आतलं दुखणं सांगायचे. त्यांनी एकाला हाताखाली घेतलं, पोटच्या पोरासारखं वागवलं, कुठलंही कुलूप किल्लीवाचून कसं उघडायचं तेसुद्धा शिकवलं. त्या शागिर्दानं पुढे तीच विद्या बाहेरगावी गेलेल्या लोकांच्या घरांवर चालवली. पोलीस आधी वडिलांकडे आले. चौकशी झाली, काही निघालं नाही, सोडून दिलं. पण पोलिसांनी सोडलं तरी लोकांनी सोडलं नाही. ज्या ज्या दाराला वडिलांनी कुलूप बसवलं होतं, त्या त्या दाराचं कुलूप लोकांनी बदलून घेतलं, आणि तेही दुसऱ्या बाजारातून. ताई तेव्हा शाळेत होती. दुपारी डबा घेऊन यायची तेव्हा वडील रिकाम्या दुकानात तीच ती किल्ली कानशीनं घाशीत बसलेले असायचे.

पुढे वडिलांनी ते काम फक्त तिला शिकवलं. "कुलूप उघडायला शिकवणं म्हणजे गावातल्या सगळ्या घरांची किल्ली हातात देणं," असं ते म्हणायचे. ते गेल्यावर दुकान तिनं एकटीनं चालवलं. नवरा बसडेपोत नोकरीला. साधा, सरळ माणूस. तो एकदा मला म्हणाला होता, "वहिनी, लग्नानंतर मला घराची किल्ली मिळायलाच वर्ष गेलं."

बाजाराच्या मागे एक कारखाना बंद पडला होता. त्या जागेवर उंच इमारती झाल्या. बांधणाऱ्यानं प्रत्येक दाराला दोन-दोन कुलुपं बसवली होती. वरचं नव्या धर्तीचं, छोट्या दातेरी किल्लीचं. खालचं जुन्या पद्धतीचं, जाडजूड, लांब दांड्याच्या किल्लीचं. दोन्ही एकजात हलकी निघाली. माणसं राहायला आली नाहीत तोच कुणाचं वरचं अडकतंय, कुणाचं खालचं फिरत नाहीये, कुणी किल्ली आत ठेवून बाहेर उभा. इमारतींच्या कमिटीनं दोन-तीन जणांची कामं पाहिली आणि सगळ्या दारांचं काम ताईकडे सोपवलं.

मी अभिनंदन करायला गेले तर ही गालाला हात लावून बसलेली.

"सगळं मलाच का दिलं असेल?" ती म्हणाली.

"तुझं काम चांगलं आहे म्हणून."

"एवढ्यावर कोण देतं? कुठेतरी पाणी मुरतंय."

पाणी कुठेच मुरत नव्हतं. पण एक गोष्ट खरी होती. एकटीनं ते काम उरकणं शक्य नव्हतं. महिनाभर तिनं ओढलं. मनगट सुजलं, त्यावर फडकं बांधून ओढलं. शेवटी नवऱ्यानं सांगितलं, "एक तर माणसं ठेव, नाहीतर काम सोड. तिसरा रस्ता नाही." काम सोडणं तिच्या जिवावर आलं, माणसं ठेवणं त्याहून जिवावर आलं. चार दिवसांनी ती माझ्याकडे पाटी छापून घ्यायला आली. कागदावर लिहून आणलं होतं, 'कामाला विश्वासू माणसं पाहिजेत'. मी टाइप करायला घेतलं तशी म्हणाली, "विश्वासू काढा. चोरही तेच वाचून येणार आणि मी विश्वासू आहे म्हणणार."

माणसं येऊ लागली. फळीपलीकडे मुलाखती चालायच्या आणि माझ्याकडची गिऱ्हाइकं झेरॉक्स घेऊन झाली तरी हलायची नाहीत. एकानं आल्याबरोबर विचारलं, "कुलूप उघडायला साधारण किती वेळ लागतो हो?" त्याला तिनं बसूही दिलं नाही. दुसरा म्हणाला, आमच्या घराला आम्ही कुलूपच लावत नाही, आमचा माणसांवर भरवसा आहे. "मग इथे काय करणार?" म्हणून त्यालाही वाटेला लावलं. नणंदेनं आपल्या दिराला पाठवलं होतं. घरचा माणूस, नाही म्हणता येईना. ताईनं त्याला पाणी दिलं, सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारली आणि सांगितलं, "भाऊजी, बाहेरच्या चोराला कुलूप लावता येतं. घरच्याला नाही लावता येत." नणंद पुढे कित्येक दिवस फोनवर आली नाही.

शेवटी दोघं टिकली.

एक बाई होती, तिशीतली. पंख्यांच्या कारखान्यात जोडणीच्या कामाला होती, तो बंद पडला. हात इतके चपळ की आपण बघत राहावं, आणि तोंड हातांहून चपळ. बाजारानं तिला पंखेवाली म्हणायला सुरुवात केली. ताईनं तिला विचारलं, "घरातून निघताना कुलूप ओढून बघतेस?" ती म्हणाली, "मी नाही, सासूबाई बघतात. मी बघितलं तरी त्या परत बघतात, आणि नाही बघितलं तर दिवसभर मला ऐकवतात. म्हणून मी बघतच नाही, दोघींचा वेळ वाचतो." पलीकडे ताई खुदकन हसल्याचं मला ऐकू आलं.

दुसरा चाळिशीतला माणूस. त्याची मुलाखत मला ऐकूच आली नाही, कारण तो बोललाच नाही. आधी काय करत होता? लिफ्टमन. कुठे? दवाखान्यात. का सोडलं? "पटलं नाही." एवढंच. त्याचं नाव घुम्या कुणी पाडलं कोण जाणे, पण दुसऱ्याच दिवशी सगळ्यांच्या तोंडी होतं. ताईला मी विचारलं, "असा माणूस कसा काय घेतलास?" ती म्हणाली, "बडबडतो तो लपवतो. हा निदान लपवतोय हे दिसतंय तरी."

आता शिकवायचं आलं. किल्ल्या घासणं, कुलुपं बसवणं, तेलपाणी, हे तिनं दोघांना सरळ शिकवलं. पण किल्लीवाचून कुलूप उघडणं, जे वडिलांना भोवलं, तिथे तिचा हात अडखळला. आणि ते शिकवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, कारण इमारतींतली निम्मी हाकाटी त्याचीच असायची. तिनं मग एक तोडगा काढला. पंखेवालीला फक्त वरचं कुलूप उघडायला शिकवलं. घुम्याला फक्त खालचं. दोघांना वेगवेगळ्या वेळी, शटर ओढून. त्या इमारतींतलं कुठलंही दार उघडायचं तर दोन्ही कुलुपं उघडायला हवीत. म्हणजे एकट्यानं कुणीच कुठलं दार उघडू शकणार नाही. वर नियम असा की ती दोघं इमारतींत कधीही एकत्र जाणार नाहीत. बंद दार उघडायचं असेल तर एक जण ताईबरोबर जाईल, दुसरं दुकानात थांबेल. आणि ताई बरोबर नसताना बंद कुलपाला हात लावायचा नाही.

हे तिनं मला मोठ्या समाधानानं सांगितलं. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

पण समाधान टिकतं कुठे. तिनं हत्यारांच्या कपाटाला, बिजागरीच्या बाजूनं, दिसेल न दिसेल असा शिवणाचा दोरा चिकटवून ठेवला. सकाळी बघायची. दोरा जिथल्या तिथे. असे बरेच दिवस गेले तशी ती मला म्हणाली, "वहिनी, दोरा एकदाही तुटला नाही."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसलं? त्यांना दोरा दिसला असणार."

मी कपाळाला हात लावला. पण नंतर नंतर मलाही काही गोष्टी दिसू लागल्या, हे कबूल केलं पाहिजे. ताई दुकानात शिरली की पंखेवालीचं बोलणं मध्येच थांबायचं, आणि ते थांबणं म्हणजे पंखा बंद पडल्यासारखं लगेच जाणवायचं. दुपारच्या सुट्टीत घुम्या उठून बाजाराच्या मागच्या गल्लीकडे जायचा. थोड्या वेळानं पंखेवाली चहा घ्यायला म्हणून त्याच बाजूला जायची. चहाची टपरी आहे पुढच्या बाजूला. परत यायची तीही वेगवेगळी, एकमेकांकडे न बघता. माझ्या काउंटरवरून हे सगळं स्पष्ट दिसतं.

"प्रकरण असेल," चप्पलवाला मिशीत हसत म्हणाला. पंखेवालीचा नवरा रोज संध्याकाळी तिला न्यायला यायचा, चांगला उंचापुरा माणूस. मला तसं वाटेना. ताईला तर मुळीच वाटेना. तिला त्याहून वाईट शंका येत होती. मोडीच्या खोक्यातली दोन जुनी कुलुपं नाहीशी झाली होती, एक वर बसवायचं, एक खाली बसवायचं.

"मोडीतली कुलुपं कुणी कशाला नेईल?" मी म्हटलं.

"तेच म्हणते मी. कशाला नेईल?"

तिला जेवण जाईना. रात्री उठून स्वतःच्याच दाराचं कुलूप बघायची, असं तिच्या नवऱ्यानं सांगितलं. माझंही डोकं तिच्यासारखं चालायला लागलं. कोण कधी आलं, कोण कुठे गेलं, हेच बघत बसायचे. एका गिऱ्हाइकाची चार पानं उलटी छापली गेली त्यात.

मग एका दुपारी ती गेली त्यांच्या मागे. परत आली ती थेट माझ्या दुकानात, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "पाणी द्या."

मागच्या गल्लीत कपडे धुण्याचं दुकान आहे. त्याच्या मागच्या जिन्यावर ती दोघं बसली होती. मांडीवर एक फळी, फळीवर ती दोन कुलुपं ठोकलेली. पंखेवाली घुम्याचा हात धरून वरच्या कुलपात तार कशी फिरवायची ते दाखवत होती. मग फळी फिरवून घुम्या तिला खालचं दाखवत होता. दोघंही इतकी रमली होती की ताई कोपऱ्यावर उभी आहे हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

"एकेकाला अर्धं दिलं होतं मी," ताई म्हणाली. "त्यांनी जोडून पुरं केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोघांना आत घेतलं आणि आतून शटर ओढलं. मी काउंटरवर कोपरं टेकून उभी राहिले. लपवण्यात अर्थ नाही, कान फळीलाच लावला होता.

"हत्यारं ठेवा आणि निघा," ताईचा आवाज. "का, ते तुम्हाला माहीत आहे."

 घुम्यानं एप्रनची गाठ सोडल्याचा आवाज आला.

"अहो, सांगा की त्यांना," पंखेवाली म्हणाली. "नाही सांगत? मग मी सांगते. ताई, तुम्ही त्या दिवशी बाहेर गेला होतात, कुलुपांचा माल बघायला. माझी रजा होती. हे इमारतीत खाली पत्रपेटीचं कुलूप बसवत होते. वरच्या मजल्यावर एकटे आजोबा राहतात ना, ते स्वयंपाकघरात पडले. आतून हाका मारत होते. वॉचमननं ह्यांना वर नेलं. ह्यांनी खालचं कुलूप उघडलं. वरचं येईना. तुम्हाला फोन लावला, लागला नाही. मी गावाला. ताई, आत माणूस कण्हतोय आणि हा माणूस दाराला हात लावून उभा! शेवटी पहार आणून दार फोडलं. कमिटीनं सुतार बोलावून ते परस्पर नीटही करून घेतलं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"कसं सांगणार? तुमच्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही असा नियम. दुसऱ्या दिवशी हे माझ्याकडे आले आणि म्हणाले, मला वरचं शिकवा. मी म्हटलं, मग मला खालचं शिकवा. असं आहे सगळं. तुम्ही आम्हाला अर्धं ताट वाढून पुढ्यातून ओढून घेतलंत, ताई. आम्ही एकमेकांच्या ताटातलं खाल्लं."

 मग ताई म्हणाली, "गोष्ट छान आहे. इतकी छान आहे म्हणूनच मला शंका येते." आणि शटर वर गेलं. ती माझ्या दारात उभी. "वहिनी, चला."

"कुठे?"

"त्या म्हाताऱ्याकडे. मी एकटी गेले तर मला फसवतील. दोघींना फसवणं अवघड."

दुकान बंद करून निघाले. वर पोहोचलो. दाराच्या वरच्या कुलपाभोवती लाकडाचा नवा तुकडा बसवलेला होता, रंग जुन्या दाराशी न जुळणारा. ताईनं त्यावर बोट फिरवलं आणि घंटा वाजवली. आतून घसटत घसटत पावलं आली. दार साखळीच्या लांबीएवढं उघडलं. एक डोळा दिसला.

"कोण?"

"किल्लीवाली. दुकानातून आले."

"मी कुणाला बोलावलेलं नाही."

"मी विचारायला आले आहे, आजोबा."

"काय विचारायचंय ते तिथूनच विचारा. आणि ह्या बाई कोण?"

"झेरॉक्सवाल्या."

"झेरॉक्सवाल्यांचं किल्लीवालीबरोबर काय काम?"

मी ताईकडे पाहिलं. ती नाराज नव्हती, उलट भलतीच खूश दिसत होती. आपल्या तोलाचा माणूस भेटल्यासारखी. तिनं कमिटीच्या माणसाचं नाव सांगितलं, वॉचमनला वर बोलावलं, त्यानं ओळख दिली, तेव्हा कुठे साखळी निघाली.

आजोबा वॉकरला धरून उभे होते. आम्ही बसलो. ताईनं वळणं न घेता विचारलं, की त्या दिवशी दार कुणी फोडलं आणि का. आजोबांनी अगदी तेच सांगितलं जे पंखेवालीनं सांगितलं होतं. खालचं कुलूप उघडल्याचा आवाज त्यांनी आत पडल्या पडल्या ऐकला होता.

"पण मला दार उघडल्याचं एवढं नाही," आजोबा म्हणाले. "तो माणूस माझ्याशी बोलत होता. पहार येईपर्यंत एक क्षण थांबला नाही. पाय हलवू नका, डोळे मिटू नका, तुमच्या ओट्यावर काय काय आहे ते मला सांगा. मी म्हटलं, ओट्यावर भांडी आहेत. तर म्हणे कुठली, किती मोठी, नीट सांगा. वैताग आणला."

"कोण बोलत होता?" मी विचारलं. "आमचा घुम्या?"

"घुम्या? अहो, काय बोलतो तो माणूस! दाराआडून आपलं सगळं चरित्र सांगितलं मला. दवाखान्यात लिफ्टमन होता म्हणाला. एकदा लिफ्ट मध्येच अडकली, आत पेशंट आणि त्याचे नातेवाईक. हा बाहेर. लिफ्ट निघेपर्यंत ह्याच्या तोंडून शब्द फुटला नाही, आतली माणसं घाबरून दार बडवत राहिली. अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं असतं हे आपल्याला उशिरा कळलं, असं म्हणाला. त्यानंतर ती नोकरी त्याला करवेना."

ताई खाली बघत होती. उठायच्या वेळी आजोबा सहज म्हणाले, "चांगला माणूस आहे. पुढे स्वतःचं दुकान काढणार आहे, तेही सांगितलं. दोन्ही कुलुपं यायला लागली की काढतो म्हणाला."

लिफ्टमध्ये ताई माझ्याकडे वळली. "ऐकलंत? मी म्हणत नव्हते? दुकान काढणार आहे!"

"ताई, बाकीचं ऐकलंस की नाही?"

"ऐकलं," ती म्हणाली आणि तळमजल्याचं बटण पुन्हा एकदा दाबलं.

दुकानात दोघं तशीच थांबली होती. एप्रन काउंटरवर घडी करून ठेवलेला. ह्या वेळी ताईनं शटर ओढलं नाही, त्यामुळे मला फळीला कान लावावा लागला नाही, सरळ दारातच उभी राहिले.

"दुकान काढणार आहात?" तिनं घुम्याला विचारलं.

"हो," तो म्हणाला.

"कधी?"

"शिकून झाल्यावर."

"माझी गिऱ्हाइकं नेणार?"

"आली तर नाही म्हणणार नाही."

पंखेवालीनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता संपलं. पण ताई त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिनं एक मोठा श्वास सोडला, खांद्यावरचं ओझं उतरवताना हमाल सोडतो तसा.

"वडिलांचा तो शागिर्द रोज म्हणायचा, मालक, मी तुम्हाला सोडून कुठे जाणार?" ती म्हणाली. "दुकान काढायचं तर स्टेशनच्या पलीकडे काढा. ह्या बाजूला नाही. आणि ते जिन्यावर बसून जे शिकलात ना, ते चुकीचं शिकलात. मी कोपऱ्यावरून बघत होते. ती तार अशी धरतात का? उद्या दोघं लवकर या."

माफी वगैरे तिनं मागितली नाही. तिच्या स्वभावात ते नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा तिघं एकाच टेबलाभोवती वाकली होती, मध्ये दोन्ही कुलुपं खोलून ठेवलेली, आणि ताई सांगत होती. शटर सताड उघडं.

कपाटावरचा दोरा मात्र तिनं काढला नाही. "राहू दे," म्हणाली. "त्यालाही सवय झाली आहे."

घुम्या दोन-एक वर्षं राहिला. त्या काळात काम वाढलं, आणखी दोन माणसं आली, शेजारची रिकामी खोली घेतली. मग तो सांगून गेला. स्टेशनच्या पलीकडेच दुकान काढलं. आणि ताईचा संशय अगदीच खोटा नव्हता. तिची तीन-चार जुनी गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली, आजोबा तर पहिल्याच आठवड्यात. ताई आठवडाभर कुणाशी नीट बोलली नाही. मग तिनं नवऱ्याला एक किल्ली देऊन घुम्याच्या दुकानात पाठवलं, आपण कोण ते न सांगता त्या किल्लीसारखी दुसरी करून घ्यायला. त्याचं काम कसं आहे ते बघायचं होतं. नवरा किल्ली घेऊन परत आला.

"ओळखलं का त्यानं तुम्हाला?"

"नाही. गप्पच होता."

"मग?"

"निघताना एवढंच म्हणाला, ताईंना सांगा, दात्यांची कड दोन्ही बाजूंनी घासून गुळगुळीत केली आहे."

ताईनं किल्ली दिव्याखाली धरली, नखानं दाते तपासले, कुलपात घालून फिरवली, पुन्हा तपासली. खोट सापडेना. त्यावरही ती थोडी चिडलीच.

पंखेवाली राहिली. मधे ताईनं तिलाही सरळ विचारलं होतं, "तू का नाही गेलीस त्याच्याबरोबर? त्यानं बोलावलं असेल."

"बोलावलं होतं," ती म्हणाली. "पण तिथे दिवसभर बोलायचं कुणाशी?"

आज नव्या माणसांना शिकवायचं काम पंखेवालीकडे आहे. पहिल्याच महिन्यात दोन्ही कुलुपं शिकवते. ह्यावरून दोघींचं अधूनमधून वाजतं. ताईचं म्हणणं, थोडं थांबावं, माणूस आधी बघावा. पंखेवालीचं म्हणणं, आत कुणी पडलं असेल तर ते थांबणार आहे का? मग ताई गप्प बसते आणि त्या नव्या माणसाकडे आणखी बारकाईनं बघते. तिनं संशय घ्यायचं सोडलं असं कुणी म्हणू नये. फक्त आता संशय आला की ती तोंडावर विचारते. दोघं-तिघं त्याला कंटाळून सोडूनही गेले. एक मात्र खरंच हत्यारं पळवताना सापडला, आणि तो दिवस तिनं जवळजवळ आनंदात काढला.

गेल्या महिन्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा दुकान तिच्यावाचून चाललं. मी भेटायला गेले तर डोळ्यावर हिरवी पट्टी लावून पलंगावर ताठ बसलेली.

"दुकान वेळेवर उघडतात का?"

"उघडतात. माझ्या आधी."

"गिऱ्हाइकांशी नीट बोलतात?"

"पंखेवाली आहे ना, जरा जास्तच बोलते."

"काही तक्रार? कुणाचं काही गेलं, काही राहिलं?"

"काही नाही, ताई. सगळं व्यवस्थित चाललंय."

तिनं डोळ्यावरची पट्टी जरा सारखी केली. मग उघड्या डोळ्यानं माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "त्यांनी सांगून पाठवलंय का तुम्हाला?"

मी नाही म्हटलं. तिला पटलं नाही. पण चहा मात्र तिनं दोनदा घ्यायला लावला, आणि निघताना दारापर्यंत सोडायला आली.